घरचा प्रश्न घेऊन परदेशी

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे पाच मिनिटांत गाडी पॅकेजवर येते. मी पालकांना दोष देत नाही. घर तारण ठेवून मुलीला पाठवणाऱ्या बापाला ते विचारायचा पूर्ण हक्क आहे. पण बाहेर शिकायला गेलेल्या माणसाला आपल्याच घरातला जुना प्रश्न नव्या रीतीनं विचारता येऊ लागतो. ही कमाई पगारापेक्षा पुष्कळ जास्त टिकते, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी त्याला थोडी मोकळीक मात्र मिळावी लागते. ती कुणी दिली आणि आता कोण काढून घेतंय, याबद्दल मी आज बोलणार आहे.

१९१३च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील गेले होते. सयाजीराव गायकवाडांनी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी. आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची, असा करार. मुख्य विषय अर्थशास्त्र. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी घेतलेले अभ्यासक्रम पाहा: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४.  अर्थशास्त्राबाहेरचं बरंच काही त्यांनी स्वतःच्या भुकेपोटी घेतलं. त्या शेवटच्या चारांपाशी आपण जरा थांबू.

९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. तो आजही जरूर वाचा, फार मोठा नाही. जात म्हणजे नेमकं काय, हे शोधताना ते रोटी, विटाळ, धंदा हे सगळं तपासून बाजूला ठेवतात आणि एकाच गोष्टीवर बोट ठेवतात: जातीतल्या जातीत लग्न. मग थंडपणे हिशेब मांडतात. एखाद्या गटाला लग्नं आतल्या आतच करायची असतील तर लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष सारख्या संख्येनं हवेत. नवरा मेला की एक बाई ‘जास्तीची’ होते, बायको मेली की एक पुरुष जास्तीचा होतो. जास्तीच्या बाईचं काय करायचं? सती, नाहीतर सक्तीचं वैधव्य. जास्तीच्या पुरुषाचं काय? त्याला चितेवर चढवत नाहीत, तो गटाला हवा असतो. ब्रह्मचर्य लादावं तर ते टिकेल याची खात्री नाही. मग अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींमधून त्याला बायको द्यायची. बालविवाह इथून आला. सती, वैधव्य, बालविवाह या तीन वेगवेगळ्या वाटणाऱ्या रूढी एका कुंपणाचे तीन खांब आहेत, हे त्या तरुणानं पंचविसाव्या वर्षी दाखवून दिलं. हे कुंपण एका गटाकडून दुसऱ्याकडे कसं पसरलं, हे सांगताना तो गॅब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा अनुकरणाचा सिद्धान्त वापरतो.

साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलेला मुलगा हे लिहितोय. जातीचा दाह त्याला न्यूयॉर्कनं शिकवलेला नव्हता. तिथे त्याला मिळाली ती तो दाह टेबलावर ठेवून तपासण्याची सवय, त्यासाठी लागणारी पुस्तकं आणि आपलं म्हणणं बरोबरीच्या नात्यानं ऐकणारे शिक्षक.

यानंतर नोकरीचं काय झालं, तेही ऐका. १९१७ साली, लंडनमधलं शिक्षण अर्धवट सोडून, करार पाळायला ते बडोद्याला आले. युरोप-अमेरिकेतल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. बडोद्याला उतरल्यावर राहायचं कुठे, हा प्रश्न उभा राहिला. पारशी म्हणून एका पारशी धर्मशाळेत खोली घेतली. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि खोली सोडावी लागली. कोलंबियाचा पदवीधर संपूर्ण शहरात दुसरी खोली मिळवू शकला नाही. परदेशी पदवीनं करिअर घडतं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. त्या पदवीच्या बळावर बडोद्यातली नोकरी टिकली नाही. पण न्यूयॉर्कमध्ये धारदार झालेला प्रश्न पुढे महाडला, येवल्याला आणि संविधान सभेपर्यंत त्यांच्यासोबत गेला. १९२० साली अपुरं शिक्षण पुरं करायला ते लंडनला परतले, ते स्वतःच्या बचतीवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या न्यूयॉर्कच्या वसतिगृहातल्या मित्राकडून घेतलेल्या कर्जावर.

आता दुसरं उदाहरण. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. घरच्या वडीलधाऱ्यांचा विरोध होता. पती दिनकररावांची साथ होती आणि काँग्रेसचे नेते जिवराज मेहतांनी पैसे उसने दिले होते. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेचे कट्टर पुरस्कर्ते. माणसाच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू सारखी नसते. गोऱ्या युरोपीयांत ही असमानता अधिक आणि तिचा संबंध त्यांच्या बुद्धीशी, असं फिशर यांचं गृहीतक. ते तपासायचं काम आलं परक्या देशात, परक्या भाषेत शिकणाऱ्या पुण्याच्या विद्यार्थिनीकडे. तिनं कवट्या एकेक करून मोजल्या. असमानता सापडली, पण तिचा वंशाशी संबंध सापडला नाही. तिनं प्रबंधात तसंच लिहिलं आणि १९३० साली डॉक्टरेट घेतली. तीनच वर्षांनी फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले, हिटलरच्या राजवटीत.

मला या घटनेतलं धैर्य तर भावतंच, पण त्याहून जास्त भावतं ते पुढचं. मोजमापाची तीच हत्यारं घेऊन इरावतीबाई महाराष्ट्रात गावोगाव फिरल्या. कुंभारांचं बघा. धंदा एकच, नाव एकच. पण त्यांचे गट वेगवेगळे, चाकं आणि काम करायची तऱ्हा वेगळी, आपसांत बेटीव्यवहार नाही आणि अंगाच्या मोजमापांतही फरक. यावरून त्यांनी मांडलं की एक मूळ जात फुटून पोटजाती झाल्या असं सरसकट म्हणता येत नाही. वेगवेगळे गट शेजारी येऊन एका नावाखाली वसले असतील. बाबासाहेबांच्या मांडणीहून ही वाट निराळी आहे. प्रश्न मात्र तोच, आपल्या गावातला. एक न्यूयॉर्कमार्गे आला, एक बर्लिनमार्गे.

वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. सशस्त्र क्रांतीची तयारी करायला देश सोडलेला हा माणूस अमेरिकेत शेतकी शिकला आणि शेवटी मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी महाविद्यालयात मक्याच्या वाणांवर काम करू लागला. मेक्सिकोचा नामवंत चित्रकार दिएगो रिवेरा यानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. जे करायला निघालो तेच आयुष्यभर केलं पाहिजे, असं बंधन त्यांच्यावर कुणी घातलं नव्हतं.

आजच्या मुलांवर ते आहे. चाळीस लाखांचं कर्ज डोक्यावर असलेला मुलगा मानववंशशास्त्राच्या वर्गात कुतूहलानं जाऊन बसेल का? अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीवर शिक्षणानंतर तीन वर्षं काम करता येतं, इतर विषयांना एकच वर्ष मिळतं. त्यामुळे विषय कोणता घ्यायचा हे हप्ता आणि व्हिसा मिळून ठरवतात. अशी मुलं हुशार असतात, कष्टाळू असतात आणि आईवडिलांचं घर सोडवून देतात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण विचार बदलण्याची उसंतच त्यांना मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून सार्वजनिक शिष्यवृत्तीचं मोल फार मोठं. आणि म्हणूनच २०२२ साली केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत जो बदल झाला, तो मला सोसवत नाही. ही शिष्यवृत्ती मुख्यतः अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. त्या वर्षी ठरलं की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांना ती मिळणार नाही. या विषयांची साधनं आणि तज्ज्ञ देशातच आहेत, त्यासाठी बाहेर जायची गरज नाही, अशी सरकारची बाजू. साधनं देशात आहेत हे खरंच. पण १९१६चा तो निबंध कुठल्या साधनांच्या टंचाईमुळे न्यूयॉर्कला लिहिला गेला नव्हता. ज्याला गावात प्रश्न विचारता येत नाही, त्याला तो विचारता येईल अशा खोलीत बसायला मिळणं हाच तर मुद्दा आहे. आज तो निबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज या नियमाखाली बाद होईल. हा नियम मागे घ्यावा म्हणून आमदार-खासदारांना पत्रं लिहा, विद्यार्थी संघटनांनी हा विषय लावून धरावा.

आणि इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना एक सांगतो. अर्जासोबतचं उद्देशपत्र, तुमच्या भाषेत एसओपी, एजंटाकडून लिहून घेऊ नका. ‘लहानपणापासून मला जगाची ओढ होती’ असली वाक्यं समिती रोज वाचते. तुमच्या तालुक्यात टँकर दर उन्हाळ्यात का येतो, आईच्या बचत गटाचं कर्ज का थकतं, वस्तीतल्या मुली आठवीनंतर शाळा का सोडतात, असं काहीतरी तुम्हाला डाचत असेल. ते लिहा आणि ते समजून घ्यायला त्या विद्यापीठातला कोणता विभाग, कोणता शिक्षक उपयोगी पडेल, ते शोधून लिहा. या सभागृहात बाहेर शिकून आलेले काही जण आहेत. आज त्यांनी अर्धा तास द्यायचं कबूल केलं आहे. ज्यांचे मसुदे तयार आहेत त्यांनी पुढच्या रांगेत येऊन बसा, ज्यांच्याकडे नुसता प्रश्न आहे त्यांनीही या.