सीबीआर १०.८ आला, मग चुकलं कुठं?

हे बघा. टायट्रेशन चाललंय, म्हणजे एका द्रावणानं दुसऱ्याची ताकद मोजणं. सीबीआर म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, लागोपाठ सारखं आलेलं रीडिंग. फ्लास्कमध्ये ०.१ नॉर्मल (नॉर्मॅलिटी म्हणजे द्रावणाची ताकद) ऑक्झॅलिक ॲसिड, १० मिली. ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणांच्या तोटीवाल्या नळीत, कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड), तेही ०.१ नॉर्मल. रीडिंग यायला हवं १०.०, आलं १०.८, १०.८, १०.८. तिन्ही सारखी, म्हणून पोरं वहीत सीबीआर लिहून मोकळी! पण सारखं रीडिंग फक्त हाताची साक्ष देतं, द्रावणाची नाही.

इथं कॉस्टिकच कमजोर आहे. १०० मिलीला ०.४ ग्रॅम लागतं. आता ही गोळी जवळून बघा. वॉच ग्लासवर ठेवली नाही तोच कडेनं ओली चकाकायला लागली. हवेतलं पाणी, कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढते. काट्यावर ०.४ दिसतं, पण त्यात पाणीही तोललेलं असतं. म्हणून भरवसा ऑक्झॅलिकवर: १०० मिलीला ०.६३ ग्रॅम. त्यावरून कॉस्टिकची नॉर्मॅलिटी काढा, ती येते ०.०९३.

पहिलंच रीडिंग जास्त, १०.७, आणि पुढची १०.०? नोजलमध्ये बुडबुडा होता, मधेच निघून गेला. १०.६, १०.२, १०.१ असं उतरत आलं, तर ब्युरेट पाण्यानं धुतली पण कॉस्टिकनं विसळायची राहिली. फ्लास्कचं नेमकं उलट. तो ॲसिडनं विसळला की आत चिकटलेलं ॲसिडही मोजलं जातं.

रीडिंग वरखाली होत असेल तर एंड पॉइंट, म्हणजे रंग बदलून थांबायची जागा, बघा. खाली पांढरा कागद ठेवा. फिनॉल्फ्थॅलिन या सूचकाचा फिक्का गुलाबी रंग ३० सेकंद टिकला की थांबा. नंतर तो उडाला तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. आणखी थेंब टाकू नका. एक थेंब म्हणजे साधारण ०.०५ मिली. गडद गुलाबी झालं म्हणजे हात सैल सुटला.

उन्हाला फार दोष देऊ नका. २७ अंशांवरून ४२ वर गेलं तरी १० मिलीत फरक एका थेंबाचा.

पाण्याचं मात्र तसं नाही. अकोला, बुलडाणा, अमरावतीचा खारपाणपट्टा (खाऱ्या भूजलाचा भाग) असो की दुसरीकडची बोअर, डिस्टिल्ड वॉटर संपलं की फ्लास्क त्याच पाण्यानं धुतला जातो, वरून थोडं ओतलंही जातं. ऑक्झॅलिकच्या प्रयोगात ते लगेच उघडं पडतं, कॅल्शियम ऑक्झॅलेटची दुधाळ झाक येते. सोडियम कार्बोनेट आणि एचसीएलच्या (हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या) प्रयोगात काहीच दिसत नाही, नुसतं रीडिंग वाढतं. पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे ॲसिड खायची ताकद, लिटरला ३०० मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) धरली, तर असं २० मिली पाणी ०.१ नॉर्मल एचसीएल १.२ मिली खातं.

तपासायला सोपं आहे. २० मिली पाण्यात मिथिल ऑरेंज हा सूचक टाका, मग तेच एचसीएल थेंबथेंब सोडा. डिस्टिल्ड असेल तर दोन-तीन थेंबांत लालसर. बोअरचं असेल तर वीस थेंब पडले तरी पिवळंच.