खेळाला नावं ठेवली की आपल्याला का झोंबतं?

नमस्कार, श्रोतेहो.

शनिवारी संध्याकाळी अंधेरी-वांद्र्याच्या एखाद्या कॅफेत किंवा ठाण्या-डोंबिवलीच्या एखाद्या हॉलमध्ये तुम्हाला पाच-सहा जण टेबलाभोवती बसलेले दिसतील. हातात पेन्सिल, समोर कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राची माहिती लिहिलेला कागद, आणि वीस बाजूंचा फासा. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो गोष्ट पुढे नेतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला सर्वांत गाजलेला खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. मला हा खेळ मनापासून आवडतो, म्हणूनच आज त्याच्या चाहत्यांविषयी, आपल्याविषयी, बोलायचं आहे.

या खेळात अमुक एक गोष्ट जमलेली नाही, असं कुणी म्हणालं की टेबलावरून ठरलेली उत्तरं येतात. ‘आमच्याकडे असं कधीच होत नाही.’ ‘तुझा डीएम कच्चा असेल.’ आणि सगळ्यांत आवडतं उत्तर, ‘अरे, नियम पटत नाही तर बदल ना!’

या शेवटच्या उत्तरापाशी जरा थांबू या. डीएमला नियम बदलायची मुभा आहे, हे खरंच. पण नियम बदलावा लागला, याचा अर्थ टीका करणाऱ्याचं म्हणणं बरोबर होतं. नियमांच्या पुस्तकात जे राहून गेलं, ते डीएमने रात्री जागून भरून काढलं. त्याच्या कष्टांचं श्रेय पुस्तकाला द्यायचं आणि चूक दाखवणाऱ्याला गप्प करायचं, यात अन्याय दोघांवरही होतो.

एक उदाहरण देतो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत डीएमसाठीच्या पुस्तकात एक हिशेब होता: खेळातल्या एका दिवसात, म्हणजे दोन मोठ्या विश्रांतींच्या मध्ये, खेळाडूंची टोळी सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी पेलू शकते. आता मुंबईतलं सेशन डोळ्यांसमोर आणा. सातला जमायचं, कुणी विरारहून येणार, कुणी पनवेलहून. साडेदहाला सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे, कारण लोकल गाठायची आहे. एवढ्या वेळात लढाई होते एक, फार तर दोन. मग गोष्टीतला दिवसही तिथेच संपवला जातो. जादूगाराचे मोठे मंत्र मोजकेच असतात आणि ते मोठ्या विश्रांतीनंतरच परत मिळतात. पण दिवस एवढा छोटा असल्यामुळे तो सगळे मंत्र त्या एकाच लढाईत वापरून मोकळा होतो. तलवार घेतलेल्या लढवय्याचा खरा कस दिसतो तो दिवस लांबल्यावर, आणि इथे दिवस लांबतच नाही. तो खेळाडू संध्याकाळभर मागे मागे राहतो. ही तक्रार जगभरच्या टेबलांवरून आली. तिला ‘तुम्हाला खेळता येत नाही’ असं उत्तर देणारे चाहतेही जगभर होते. २०२४ च्या नव्या पुस्तकातून मात्र तो दिवसाचा हिशेब काढून टाकला गेला.

चाहते इतके हळवे का झाले, यालाही इतिहास आहे आणि तो समजून घ्यायला हवा. १९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळावर सैतानपूजेचा आरोप झाला. पॅट्रिशिया पुलिंग या आईचा हा खेळ खेळणारा मुलगा गेला. त्या दुःखात त्यांनी खेळाला जबाबदार धरलं आणि १९८३ मध्ये त्याविरुद्ध संघटना उभी केली. आरोपात तथ्य नव्हतं, पण खेळणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षं संशयाच्या नजरा सोसाव्या लागल्या. बाहेरच्यांनी इतकं झोडपल्यावर आतल्या माणसाची टीकाही हल्ल्यासारखी वाटू लागते. आपल्याकडेही ‘हे काय राक्षस-चेटूक खेळत बसता?’ हे कुठल्या ना कुठल्या मावशीकडून ऐकलेलं असतंच.

शिवाय आपण त्या टेबलावर एकमेकांना आपलं काहीतरी दिलेलं असतं. दोन-तीन वर्षं चाललेल्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे एकाच लांबलचक गोष्टीत, एखादं पात्र मेलं की धडधाकट माणसांच्या डोळ्यांत पाणी येतं. मग कुणी नियमांना नावं ठेवली की ती त्या संध्याकाळींनाच ठेवल्यासारखी वाटतात. पण टीका आणि वैर यांतला फरक मराठी प्रेक्षकाला शिकवायला नको. शिवाजी मंदिरला मध्यंतरात बटाटावडा खाताना तो दुसऱ्या अंकाच्या आधीच पहिल्या अंकाची चिरफाड करतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तिकीट काढतो. त्याला नाटकाचा वैरी कुणी म्हणत नाही.

चौथी आवृत्ती २००८ मध्ये आली, तेव्हा हे भान पार सुटलं होतं. लढवय्या, जादूगार असे पात्रांचे सगळे वर्ग एकाच साच्यातले वाटतात, कॉम्प्युटर गेम खेळल्यासारखं वाटतं, अशी टीका झाली. दोन्हीकडच्या चाहत्यांनी एकमेकांना अक्षरशः परकं केलं. बरेच जण २००९ मध्ये आलेल्या ‘पाथफाइंडर’ या त्याच धर्तीच्या खेळाकडे गेले. आज त्याच चौथ्या आवृत्तीतल्या लढायांच्या रचनेचं कौतुक करणारे भेटतात. ते कौतुक तेव्हाही करता आलं असतं, टीकाही करता आली असती. भांडणाच्या आवाजात दोन्ही बुडालं.

याउलट जानेवारी २०२३ आठवा. इतरांना या खेळावर आधारित साहित्य काढू देणारा २००० सालचा खुला परवाना विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही खेळाची प्रकाशक कंपनी बदलू पाहत होती. नव्या परवान्याचा मसुदा फुटला आणि सगळ्यांत कडवट टीका केली ती चाहत्यांनीच. अनेकांनी पैसे भरून घेतलेली सदस्यत्वं रद्द केली. महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला केला. त्या दिवसांत ‘आवडत नसेल तर खेळू नका’ असं म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं, तर छोट्या प्रकाशकांच्या हातून काय काय गेलं असतं!

मला काळजी वाटते ती नव्या डीएमची. कॉलेजातली एखादी मुलगी पहिल्यांदाच खेळ चालवते आणि म्हणते, ‘लढाई फार रेंगाळली, सगळे कंटाळले.’ तिला लगेच ‘तुला जमलं नाही’ म्हणू नका. विचारा, कितव्या लेव्हलचे खेळाडू होते? राक्षस किती होते? कुणाची पाळी आल्यावर खेळ अडला? पुस्तकातलं कुठलं पान तिने वाचलं होतं? कदाचित तिचं काही चुकलं असेल. कदाचित पानच नीट लिहिलेलं नसेल, आणि इतकी वर्षं आपण ते सवयीने ओलांडून पुढे जात असू.