माणूस बंदुकीपेक्षा स्वस्त

(दृश्य : धुळीचा रस्ता. घोडे जुंपलेली काळी शववाहिका. गाडीवानाची जागा रिकामी.)

'द मॅग्निफिसंट सेव्हन' या चित्रपटातलं, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळचं एक अमेरिकन गाव. एक म्हातारा रस्त्यात मेला आहे. दोन तास त्याला ओलांडून लोक ये-जा करत राहिले, शेवटी एका फिरत्या विक्रेत्याने पदरमोड करून अंत्यविधीचे पैसे भरले. तरी प्रेत हलत नाही. म्हातारा रेड इंडियन होता आणि टेकडीवरच्या दफनभूमीत त्याला जागा द्यायची नाही, असं गावातल्या काही लोकांनी ठरवलंय. गाडीवान तर केव्हाच पळाला.

गर्दीतून काळ्या कपड्यांतला एकजण पुढे येतो. गाडी मी हाकतो म्हणतो. हा क्रिस, म्हणजे युल ब्रिनर. दुसरा कुणाची तरी बंदूक मागून घेतो आणि शेजारी चढून बसतो. तो व्हिन, स्टीव्ह मॅक्वीन. आता मॅक्वीनचे हात बघा. बंदुकीत भरण्याआधी तो काडतूस कानाशी धरून हलवून बघतो. आपल्याकडे बाजारात नारळ घेताना बघतात ना, अगदी तसं! संवाद ब्रिनरच्या वाट्याला, पण प्रेक्षकांची नजर मॅक्वीनवर. ब्रिनर त्याच्यावर वैतागायचा, त्यात नवल नाही.

चित्रपट १९६० सालचा, जॉन स्टर्जेस यांचा. दरोडेखोरांनी छळलेल्या एका गावासाठी भाड्याने लढायला आलेल्या सातजणांची ही गोष्ट. मूळ कथेशी या प्रसंगाचा काही संबंध नाही. पण भाड्याने लढणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायची तर आधी त्याला एक काम फुकट करायला लावायचं, ही या कथाप्रकाराची जुनी चाल. अकिरा कुरोसावांच्या 'सेव्हन सामुराई'वरून, म्हणजे १९५४ च्या ज्या जपानी चित्रपटावरून हा बेतला, त्यात म्हातारा सामुराई डोकं भादरून भिक्षू होतो आणि चोराच्या तावडीतलं पोर सोडवतो. आणि 'शोले'तली रेल्वेची मारामारी आठवा, पनवेलजवळच्या रुळांवर चित्रित झालेली. जखमी ठाकूरला सोडून पळायचं की दवाखान्यात न्यायचं, यावर जय नाणं उडवतो. सुपारी पुढे मिळते. परीक्षा आधी.

(दृश्य : हॉटेलातली खोली. तीन शेतकरी, हातात टोप्या.)

मेक्सिकोतल्या त्या गावचे हे शेतकरी. दरोडेखोरांशी लढायला खरं तर बंदुका विकत घ्यायला आलेत. चित्रीकरण मेक्सिकोत होतं आणि तिथल्या सेन्सॉरचं लक्ष होतं. आपला शेतकरी परक्यांपुढे हात पसरताना दिसता कामा नये, म्हणून ही बंदूकखरेदी. शेतकऱ्यांचे कपडे सदा पांढरेशुभ्र, तेही त्यामुळेच. पण या अडचणीतूनच चित्रपटाला त्याचं मर्म सापडलं. क्रिस त्यांना सांगतो, हल्ली बंदुकीपेक्षा माणूस स्वस्त पडतो.

किती स्वस्त? सहा आठवड्यांचे २० डॉलर. व्हिनच्या मते एवढ्यात काडतुसांचाही खर्च निघायचा नाही.

आता पटकथेपुढे पेच उभा राहतो. मोबदला इतका किरकोळ, की पैशासाठी आले असं म्हणायची सोय नाही. मग प्रत्येकाचं कारण वेगळं शोधावं लागतं, आणि ते बोलून दाखवायचं नाही, असा अलिखित नियम. चार्ल्स ब्रॉन्सनचा बर्नार्डो नाश्त्याच्या बदल्यात लाकडं फोडताना दिसतो. २० डॉलर ऐकून तो म्हणतो, सध्या खूप आहेत. एका वाक्यात सगळी परवड कळते. जेम्स कोबर्नचा ब्रिट चाकूविरुद्ध पिस्तूल अशी पैज जिंकतो आणि त्यावर चकार शब्द बोलत नाही. रॉबर्ट व्हॉनचा ली टेबलावरच्या माश्या पकडू बघतो. मुठीत एकच सापडते. एके काळी तिन्ही सापडल्या असत्या. माझ्या मते अख्ख्या चित्रपटात भीती इतकी नेमकी दुसरीकडे कुठेच दिसत नाही, आणि त्यासाठी एक गोळीही झाडावी लागलेली नाही.

राहिला हॅरी. यात काहीतरी घबाड असणार, सोनं नाहीतर खाण, हे त्याच्या डोक्यातून जातच नाही.

(दृश्य : रिकामं गाव. भिंतीआडून घोडेस्वार.)

गावातल्याच काहीजणांच्या फितुरीमुळे सातहीजण दरोडेखोर काल्व्हेराच्या हाती सापडतात. एली वॉलाकचा हा खलनायक मोठा गप्पिष्ट. आपल्याच माणसांची पोटं कशी भरू, अशी त्याची कुरकुर घरातल्या कर्त्या माणसासारखी. तो त्यांना मारत नाही. गावाबाहेर पोचवून बंदुकाही परत देतो. धंद्याच्या हिशेबाने त्यांचं काम इथे संपलं.

ते परत येतात. हॅरी आधी वेगळा निघून गेलेला, तोही येतो, क्रिसला वाचवताना गोळी खातो. मरता मरता विचारतो, खरं सांग, कशासाठी आलो होतो आपण? क्रिस सांगतो, सोन्यासाठी. भरपूर सोनं. हॅरी समाधानाने डोळे मिटतो.

मग काल्व्हेराची पाळी. त्यालाही तेच विचारायचंय. असल्या गावासाठी तुझ्यासारखा माणूस परत का आला?

त्याच्याशी मात्र क्रिस खोटंही बोलत नाही. नुसता बघत राहतो.