बेल्ट पुन्हा पुन्हा का तुटतो?

श्रोतेहो, नमस्कार.

गाडीच्या इंजिनाचा बेल्ट तुटला, नवा टाकला, आणि तीन-चार महिन्यांत तोही गेला. असं झालं की माणूस पहिला दोष बेल्टला देतो. ‘माल डुप्लिकेट लागला’ म्हणतो, दुसऱ्या दुकानातून जरा महागाचा बेल्ट आणतो, आणि तोही पावसाळा काढत नाही. गाड्या दुरुस्त करणारा माणूस म्हणून आज मला एकच गोष्ट तळमळीनं सांगायची आहे. अवेळी गेलेला बेल्ट सहसा स्वतःच्या दोषानं जात नाही. त्याला खाणारं काहीतरी इंजिनावरच बसलेलं असतं.

बॉनेट उघडलं की इंजिनाच्या एका कडेला एक लांब, चपटा बेल्ट चार-सहा पुल्यांवरून नागमोडी गेलेला दिसतो. त्याच्या आतल्या बाजूला लांबीभर खाचा असतात, दोन खाचांमधला उंच भाग म्हणजे बेल्टचा दात. हाच तो सर्पेंटाइन बेल्ट. गॅरेजात त्याला कुणी फॅन बेल्ट म्हणतं, कुणी आल्टरनेटर बेल्ट. पूर्वी प्रत्येक यंत्राला आपला वेगळा व्ही-बेल्ट असायचा, एक तुटला तरी बाकीचे चालायचे. 1979 च्या फोर्ड मस्टँगपासून हा एकच लांब बेल्ट मोटारींत आला आणि हळूहळू सगळीकडे पसरला. आता बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप आणि पॉवर स्टिअरिंगचा पंपही त्या एकाच बेल्टवर फिरतो. त्यामुळे रांगेतली एक पुली बिघडली तरी भोगावं लागतं ते सगळ्या बेल्टला.

गावातला गिरणीवाला आठवा. पट्टा सारखा उतरायला लागला तर तो आधी मोटर सरकवून रेषेत घेतो, नवा पट्टा आणायला धावत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण नेमकं उलटं करतो.

म्हणून पहिली विनंती ही, की तुटलेला बेल्ट फेकू नका. मिस्त्रींकडून मागून घ्या आणि उजेडात नीट बघा. एकच कड दोरे सुटून झिजली असेल, तर कुठली तरी पुली रेषेच्या बाहेर आहे. आतल्या खाचा काचेसारख्या चकाकत असतील, तर बेल्ट घसरत होता, म्हणजे ताण कमी पडत होता किंवा एखादी पुली जड फिरत होती. रबर फुगून मऊ पडलं असेल, बोटाला चिकटत असेल, तर वरून ऑइल किंवा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळतंय. अशा गाडीला कितीही भारी बेल्ट टाका, गळती बंद होईपर्यंत तो टिकणार नाही. आणि बेल्टची पाठ, म्हणजे गुळगुळीत बाजू, भाजल्यासारखी दिसत असेल, तर पाठीवरून फिरणारी आयडलर (बेल्टला नुसती वाट दाखवणारी) नाहीतर टेन्शनरची (स्प्रिंगनं बेल्ट ताणून धरणारी) पुली अडकतेय.

इथं एक गैरसमज काढायला हवा. ‘बेल्टला चिरा नाहीत, म्हणजे चांगला आहे’ असं पुष्कळ जण म्हणतात. पूर्वीच्या प्रकारच्या रबराच्या बेल्टला ते लागू होतं. आताचे बेल्ट ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. ते सहसा चिरत नाहीत, टायरसारखे झिजतात. खाच रुंद आणि खोल होत जाते, बेल्ट पुलीत तळाला टेकतो, आणि वरून धडधाकट दिसत असतानाच घसरायला लागतो.

आता आवाजाबद्दल. सकाळी गाडी चालू केल्यावर चिमणीसारखा थांबून थांबून येणारा आवाज वेगळा, आणि एसी लावल्यावर येणारी लांब किंकाळी वेगळी. ओळखण्याची सोपी रीत अशी: इंजिन चालू ठेवून, हात लांब ठेवून, फवाऱ्याच्या बाटलीनं बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं साधं पाणी मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुल्या रेषेत नाहीत. पाणी पडताच आवाज वाढला, तर बेल्ट घसरतोय, टेन्शनर तपासा. साबण चोळणं, ग्रीस लावणं, बेल्टवर मारायचे स्प्रे वापरणं, हे करू नका. आवाज चार दिवस दबतो, खाचांत धूळ मात्र आणखी घट्ट बसते.

राधानगरी भागातल्या एका शेतकरी दादांची डिझेल गाडी आमच्याकडे आली होती. वर्षात तिसरा बेल्ट. प्रत्येक वेळी वेगळ्या गॅरेजात, प्रत्येक वेळी फक्त बेल्ट बदललेला. दादांनी जुना बेल्ट डिकीत ठेवला होता, हे फार बरं झालं. त्याची मागची कड पार कातरलेली होती. आम्ही पुल्यांच्या तोंडावर स्टीलची सरळ पट्टी धरली, तर आल्टरनेटर जरासा आत बसलेला. चौकशी केल्यावर कळलं, की पहिला बेल्ट जाण्याच्या थोडं आधीच आल्टरनेटर दुरुस्तीला खोलला होता. परत बसवताना एक वॉशर चुकीच्या बाजूला गेला होता. एक-दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पुलीवर बेल्टची कड कापायला तेवढा पुरतो. तो वॉशर जागेवर गेल्यावर बेल्टची तक्रार संपली. माझ्या मते कुठल्याही गाडीत विचारायचा पहिला प्रश्न हाच: बेल्ट तुटायला लागण्याआधी इंजिनाच्या बेल्टच्या बाजूचं कोणतं काम झालं होतं?

बेल्ट काढलेला असताना सगळ्या पुल्या हातानं फिरवून बघाव्यात, त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. आयडलरची पुली भिंगरीसारखी खूप वेळ फिरत राहिली, की लोक खूश होतात. पण तसं फिरणं म्हणजे बेअरिंगमधलं ग्रीस संपलंय. चांगली पुली हाताला किंचित रोध देत, बिनआवाज फिरते आणि लवकर थांबते. खरखर जाणवली किंवा पुली हातात डुलली, तर ती बदलावी. टेन्शनरचा हात पान्यानं पूर्ण फिरवून बघावा. तो न अडकता जावा आणि स्प्रिंगच्या जोरानं परत यावा. इंजिन चालू असताना तो एकसारखा थरथर उड्या मारत असेल, तर त्याचं डँपिंग, म्हणजे झटके गिळायची ताकद, गेलंय. पुष्कळ डिझेल गाड्यांत आल्टरनेटरची पुली एकाच दिशेनं पकडते आणि दुसऱ्या दिशेला मोकळी सुटते. ती जाम झाली की इंजिनाचा प्रत्येक झटका थेट बेल्टला बसतो. ही पुली तपासायची राहून जाते, आणि टेन्शनरवर टेन्शनर बदलले जातात.

आपल्या कोल्हापुरासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पंचगंगेचं पाणी आलं, नागाळा पार्क, शाहूपुरीत गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाडीचं इंजिन, सीट, वायरिंग सगळं साफ होतं. पण आयडलर, टेन्शनर आणि आल्टरनेटरच्या बेअरिंगमध्ये शिरलेला बारीक गाळ तिथंच राहतो. गाडी चालू होते, आणि काही आठवड्यांनी बेल्ट ओरडायला लागतो. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर या बेअरिंगांची वाट बघू नका, आधीच बदलून घ्या. भुदरगड, गगनबावड्याकडच्या लाल चिखलातून रोज जाणाऱ्यांनीही पुल्यांच्या खाचा अधूनमधून साफ करून घ्याव्यात. खाचेत घट्ट बसलेला एक खडा नव्या बेल्टचा दात सोलून काढतो.

दुसरी गोष्ट आपल्या कारखान्यांच्या वस्तीची, उद्यमनगरची. तिथल्या लेथवरचे कारागीर काय घडवू शकत नाहीत? मला त्यांचा अभिमान आहे. पण क्रँक पुली, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची (क्रँकशाफ्टवरची), बेल्टला फिरवणारी पुली, खराब झाली म्हणून सबंध लोखंडाची नवी पुली घडवून घेऊ नका. बहुतेक गाड्यांत त्या पुलीच्या मधल्या भागात आणि बाहेरच्या कड्यात रबराचा थर असतो. क्रँकशाफ्टची पीळ खाणारी थरथर तो गिळतो. रबर सुटलं की बाहेरचं कडं डुलतं, आणि बेल्ट भरकटतो. संशय असेल तर मधल्या भागापासून कड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा आणि गाडी चालवून आणा. रेघ तुटून दोन जागी झाली, तर कडं सरकतंय. तिथं गाडीच्या मापाची रबरवाली पुलीच हवी. नुसत्या लोखंडी पुलीनं बेल्ट सरळ चालेल, पण थरथर क्रँकशाफ्टवर जाईल.

बेल्टवरचा नंबरही जुळवून घ्या. 6पीके1750 म्हणजे सहा दात आणि 1750 मिलिमीटर लांबी. एसी असलेल्या आणि नसलेल्या एकाच मॉडेलच्या बेल्टची लांबी वेगळी असू शकते. ‘बसतोय की’ एवढ्यावर थांबू नका.

आणि घाटात असताना डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, पाठोपाठ तापमानाचा काटा चढायला लागला, तर बेल्ट तुटला असं समजा. फोंड्यापर्यंत, कळे गावापर्यंत नेऊ असा हिशेब करू नका. कडेला घ्या, इंजिन बंद करा. पाण्याचा पंप बेल्टवर असेल तर थोड्याच अंतरात इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) जाऊ शकतं. किल्ली काढल्याशिवाय हात आत घालू नका. ओढणी, शर्टाची बाही जपा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

नवा बेल्ट बसला की मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून प्रत्येक पुलीवर टॉर्च मारून बघा. बेल्टचा एखादा दात खाचेबाहेर राहिला असेल तर तो काही किलोमीटरांतच फाटतो. पाच मिनिटं इंजिन चालवून, बंद करून पुन्हा बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन चालू करून हेडलाइट आणि एसी दोन्ही लावा, आणि काच खाली करून ऐका. शिट्टी आली तर त्याच दिवशी गाडी परत न्या, आणि जुना बेल्टही सोबत घ्या.

नमस्कार.