कापराच्या वासाचं घड्याळ

नमस्कार, श्रोतेहो.

आज आमच्या घरातल्या एका घड्याळाबद्दल बोलणार आहे, आणि ज्याच्या कारखान्यात ते तयार झालं त्या माणसाबद्दल. माणूस मुळात सुतार होता. हे ध्यानात ठेवा, सुतार होता.

अशी घड्याळं तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. देवळाच्या दर्शनी बाजूसारखी पुढं खांबांची ओळ, वर सपाट छप्पर, दोन्ही अंगांना सिंहाची पितळी तोंडं, मध्ये पांढरी तबकडी. अंग काळं कुळकुळीत आणि खांब हिरवट, शिरा असलेल्या संगमरवरासारखे. साहेबाच्या देशात हे शेकोटीच्या वरच्या फळीवर ठेवतात. सोलापूरच्या घरात शेकोटी कुठून येणार? आमच्याकडं ते फडताळावर असायचं.

आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ते मिशनच्या एका अमेरिकन बाईंच्या सामानाच्या लिलावात घेतलं. अमेरिकन मराठी मिशनची मंडळी आपल्या सोलापुरात अनेक वर्षं होती. त्यांची मूळ संस्था बॉस्टनची, आणि आमचं घड्याळ तिथून जवळच्याच कनेटिकट राज्यातलं. तबकडीवर नाव आहे सेथ थॉमस. आबा गिरणीत सूत कातायच्या खात्यात होते. कामावर जाताना घड्याळ बघायचे, आल्यावर घड्याळ बघायचे. आणि भोंगा झाला की आजी बघायची. घड्याळ दोन मिनिटं पुढं दिसलं तर म्हणायची, "आज भोंगा मागं पडला." त्या भोंग्यावर अख्खं शहर उठायचं, जेवायचं, झोपायचं. गिरण्या बंद पडल्या तेव्हा रोजगार गेला, ते दुःख मोठंच. पण सगळ्या गावाची मिळून एक वेळ होती, तीही गेली. त्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.

असो. गणपतीची गोष्ट सांगते.

मी बारा वर्षांची होते. आमच्याकडं आरास करताना हे घड्याळ गणपतीच्या उजव्या हाताला ठेवायची पद्धत होती. संगमरवरी घड्याळ, देवाजवळ शोभतं, असं आजीचं म्हणणं. पलीकडं समई, पुढं निरांजन. त्या वर्षी हरतालिकेला घड्याळ बंद पडलं. आजी म्हणाली, बंद घड्याळ देवाजवळ ठेवायचं नाही. मग अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते चादरीत गुंडाळलं, सायकलच्या कॅरिअरवर बांधलं, मला मागून धरून चालायला सांगितलं, आणि आम्ही नव्या पेठेत एका घड्याळजींकडं गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणत. जिन्याखाली हातभर दुकान, डोळ्याला काळं भिंग.

चाचांनी चादर सोडली, घड्याळ उचललं आणि उलटं केलं. तळाला शिक्का होता, २०९१ आणि पुढं इंग्रजी के. अप्पा म्हणाले, "तो लिलावातला नंबर असेल." चाचा म्हणाले, "उलटा वाचा." उलटा वाचला तर १९०२! कारखाना साल उलटं छापायचा आणि महिन्याला अक्षर द्यायचा. ए म्हणजे जानेवारी, के म्हणजे नोव्हेंबर. इतकी वर्षं ते साल आमच्या घरात पालथं पडलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "ठेवता कुठं?"

मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "गणपतीजवळ. समईच्या शेजारी."

चाचांनी भिंग काढलं. "समईच्या? किती शेजारी?"

मी हातानं वीतभर अंतर दाखवलं. ते उठून उभेच राहिले. "बेटी, इकडं ये. अंगठा लाव या खांबाला. घास. जोरात घास. अजून. आता अंगठ्याचा वास घे."

मी वास घेतला. कापूर! आरतीच्या तबकात असतो तो, अगदी तोच वास.

"दगड असता तर सायकलवर आणला असता का?" चाचा अप्पांना म्हणाले. "आत लाकूड आहे. वरून कचकड्याचा, म्हणजे सेल्युलॉइडचा, पातळ पत्रा चिकटवलाय. कचकडं कापरापासून होतं. आग लागली तर विझवायला सवड मिळणार नाही."

अप्पांचा चेहरा मला अजून आठवतो. तीस-चाळीस गणपती त्या घड्याळाशेजारी समई जळत होती.

चाचांनी यंत्र उघडलं. आत काही मोडलं नव्हतं. आम्ही हौसेनं घातलेलं खोबरेल तेल चिकट होऊन बसलं होतं, ते त्यांनी धुऊन काढलं. घरी आल्यावर वाद झाला. अप्पा म्हणाले, घड्याळ आता देवाजवळ नको. आजी म्हणाली, "कापराचं आहे म्हणतोस, मग देवापुढं नाही तर कुठं ठेवायचं?" शेवटी घड्याळ जागेवर राहिलं आणि समई दुसऱ्या टोकाला गेली.

आता त्या सुताराविषयी. सेथ थॉमस १७८५ साली कनेटिकटमध्ये जन्मला. एली टेरी नावाच्या घड्याळकारानं ४००० घड्याळं करून द्यायचं काम अंगावर घेतलं होतं, त्या कामावर हा होता. आणि त्या घड्याळांची आतली दातेरी चाकंसुद्धा लाकडाची होती! १८१३ मध्ये त्यानं स्वतःचं काम सुरू केलं, १८५३ मध्ये कंपनी झाली, १८५९ मध्ये तो वारला. गावाचं नाव पुढं थॉमस्टन पडलं, त्याच्यावरून. कचकड्याचा मुलामा आला तो १८८० च्या सुमारास, म्हणजे तो गेल्यावर. फ्रान्सकडची खरी काळ्या दगडाची घड्याळं महाग, म्हणून अमेरिकेतल्या कारखान्यांनी लाकडालाच दगडाचं रूप दिलं. मला त्यात फसवणूक वाटत नाही. गिरणी कामगाराच्या घरात त्यामुळंच देवळासारखं घड्याळ आलं.

तुमच्याकडं असं घड्याळ असेल तर दोन गोष्टी सांगते. पहिली, त्याला स्पिरिट लावू नका, थिनर लावू नका. पुन्हा सांगते, स्पिरिट नाही आणि थिनरही नाही. कचकडं विरघळतं, चकाकी कायमची जाते. कोरडं मऊ फडकं पुरे. दुसरी, दिव्यापासून लांब ठेवा. आधी अंगठा घासून वास घ्या, कापूर आला की समजा. वेळ पुढं-मागं होत असेल तर बाराच्या आकड्याजवळ बारीक टोक असतं, चावीचं लहान तोंड त्यावर बसतं, ते जरासं फिरवून बघा. आणि कृपा करून आतलं यंत्र काढून सेलवरचं बसवू नका. हल्ली सर्रास बसवून देतात. अर्ध्या तासाची घंटा आणि तासाचे टोले गेले की त्या खांबांमागं उरतं काय? मला ते बघवत नाही.

पुढं मी कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं. तिथं कळलं की चाचांनी अर्धंच सांगितलं होतं. कचकड्यात कापूर असतो खरा, पण मुख्य माल असतो कापूस. कापूस नायट्रिक आम्लात मुरवायचा, त्यात कापूर कालवायचा, की झालं कचकडं. मी धावत घरी येऊन हे सांगितलं. अप्पा बराच वेळ घड्याळाकडं बघत बसले. मग आजीला म्हणाले, "आई, आबा जन्मभर कापसात राहिले, आणि घरी येऊन बघत बसायचे तेही कापूसच."

आजी गिरणीवाल्याची बायको. कापसाच्या आगी तिनं पाहिल्या होत्या. ती वातीला तेल लावत होती, मान वर न करता म्हणाली, "मग ती समई अजून दोन हात लांब सरकव."

नमस्कार.