यंदाचा रुपया पाहिलात का?

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘चलनव्यवस्था आणि सामान्य माणूस’ असा छापलाय. तो चिटणीसांनी परस्पर ठरवला. माझा विषय त्याहून लहान आहे. यंदाचं साल छापलेलं एक तरी नाणं तुमच्यापैकी कुणाकडे आहे का? काढा पाकिटं, आपल्याला घाई नाही. चष्मे लावा. साल बारीक छापतात, कारण नाणी पाडणारे तरुण असतात आणि मोजणारे म्हातारे.

काय निघालं? २०११. तिकडे? २०१९. मागच्या रांगेतल्या ताईंकडे दोन पिना आणि पन्नास पैशांचं नाणं. जपा ताई, पन्नास पैसे अजून कायद्याने चालतात. जून २०११ मध्ये पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी बाद झाली, पन्नास पैसे राहिले. वाणी घेत नाही, तो भाग वेगळा.

आणि हे कुणी दिलं? अंगठ्याचा रुपया! २००७ सालापासून ही नृत्यमुद्रांची मालिका निघाली. दोनाच्या नाण्यावर दोन बोटं, रुपयावर अंगठा. रुपयाची किंमत काय उरली हे विचारायला गेलो, तर सरकारने नाण्यावरूनच अंगठा दाखवला.

असो. हातात नाणं आहेच तर सालाच्या खालीही बघा. हिऱ्यासारखी छोटी चौकट दिसली, तर नाणं आपल्या मुंबईचं. चांदणी असेल तर हैदराबादचं, टिंब असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. कोलकातेकरांना स्वतःची ओळख करून द्यायची गरज वाटत नाही.

आता माझं दुखणं ऐका. टांकसाळ आपल्या फोर्टात आहे, टाऊन हॉलच्या जवळ. १८२०च्या दशकात बॉम्बे इंजिनीअर्सच्या कॅप्टन हॉकिन्सने ती बांधली. समोर रिझर्व्ह बँक. म्हणजे नाणं जिथे जन्मतं आणि ते जगात सोडायचं काम जिच्याकडे आहे, ती दोन्ही ठिकाणं गिरगावातून चालत जाण्याच्या अंतरावर. नाणी पाडतं केंद्र सरकार, वाटते रिझर्व्ह बँक, अशी ही विभागणी आहे. आणि तरी इथे बसलेल्या एवढ्या मुंबईकरांच्या खिशात यंदाचं नाणं नाही. हापूस आधी परदेशी जातो म्हणून आपण कुरकुरतो, पण तो निदान मे महिन्यात तरी आपल्याला दिसतो.

मी बँकेत गेलो. शाखेचं नाव सांगत नाही, माझं पेन्शन तिथेच येतं. खिडकीवरच्या मुलीला म्हटलं, “यंदाची नाणी आहेत का?”

“यंदाची म्हणजे, काका?”

“यंदा पाडलेली.”

“त्यावर जास्त व्याज मिळतं का?”

तिने मला साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी माझ्या हातातली कापडी पिशवी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. “कुठल्या देवस्थानाकडून आलात?” मी म्हटलं, “नाणी भरायला नाही, न्यायला आलोय.” त्यांनी लगेच खुर्ची दिली, चहा सांगितला. पेन्शनर म्हणून त्या शाखेत मला कधी पाणी मिळालेलं नाही, चिल्लर नेणारा म्हणून चहा मिळाला. याचं कारण समजून घ्या. चिल्लर घेऊन येणारा माणूस दारात दिसला की कॅशियरला जेवायची आठवण होते. नाणी नाकारू नका, हवं तर वजनावर घ्या, शंभर-शंभरच्या पिशव्या करून आणायला सांगा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना लिहून दिलंय. नाणी लोकांपर्यंत पोचवावीत म्हणून बँकांना प्रत्येक थैलीमागे पैसेही मिळतात. आधी पंचवीस रुपये मिळायचे, २०२१ मध्ये त्याचे पासष्ट झाले. विचार करा, पैसे वाटायला पैसे द्यावे लागतात!

तर शिपायाने आतून एक सीलबंद पाकीट आणलं. दोन-दोन रुपयांची नाणी, अशी चकचकीत की त्यात भांग पाडावा. माणसाचा हात न लागलेली. तिथेच पाकीट फोडलं आणि साल वाचलं. २०१७! शंभरच्या शंभर २०१७! साहेब म्हणाले, “नवी आहेत की हो, एकदम कोरी.” कोरी होती, हे खरंच. पण शाळेत न गेलेल्या माणसाला आपण बाळ म्हणत नाही.

आता २०१७चंच साल का, ते ऐका. नोटाबंदीनंतर नाणी भरपूर पाडली गेली आणि उचल होईना. जानेवारी २०१८ मध्ये चारही टांकसाळींनी नाणी पाडणं काही दिवस थांबवलं होतं, कारण ठेवायला जागा नव्हती. त्यातली काही नाणी आमच्या शाखेच्या तिजोरीत निवांत पडून होती. ही संपल्याशिवाय शाखा नवी मागवणार नाही. आणि ही संपणार कशी? पूर्वी कोथिंबिरीच्या जुडीलाही सुट्टे लागायचे. आता भाजीवालीच्या टोपलीत मिरच्यांशेजारी तो खोका बसलेला असतो, “पंधरा रुपये प्राप्त हुए” म्हणून ओरडणारा. वाणी सुट्ट्यांऐवजी गोळी द्यायचा, त्यावर मी याच व्यासपीठावर तासभर बोललो होतो. गेली ती गोळीसुद्धा! तीच मी शिव्या देत खायचो.

बेस्टचं सांगतो. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं पाच रुपये झालं, तेव्हा पाचाच्या नाण्यांनी कंडक्टरच्या बॅगा फुगल्या होत्या. मे २०२५ पासून साध्या बसला दहा आणि एसीला बारा. त्या बारामुळे दोनाच्या नाण्याला थोडं काम मिळालं, एवढंच.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, अजून मुद्दा सुरू व्हायचाय! ठीक आहे, भरभर सांगतो.

नव्या नाण्याच्या वाटेत पहिली धोंड म्हणजे साठा, ती झाली सांगून. दुसरी धोंड आपण स्वतः. यंदाचा रुपया दुकानात दिसत नाही, पण लग्नात दिसतो. आहेराच्या पाकिटावर चिकटवलेला असतो ना? पाकीटवाल्याला चकचकीत नाणंच लागतं, म्हणजे नवा रुपया बाजार बघायच्या आधीच डिंकात अडकतो. तिथून सुटला तर लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात, नाहीतर सत्यनारायणाच्या विड्यावर. घरात चांगलं नाणं आलं की बायको ते देवापुढे ठेवते आणि काळवंडलेलं रिक्षावाल्याला देते. अर्थशास्त्रात ग्रेशॅमचा नियम आहे, वाईट पैसा चांगल्या पैशाला चलनातून हुसकावतो. तिथे प्रश्न धातूच्या किमतीचा होता, आमच्याकडे लकाकीवर भागतं. २०२२ मध्ये अमृत महोत्सवाची खूण असलेली रुपयापासून विसापर्यंतची नाणी निघाली, ती रोजच्या वापरासाठीच होती. लोकांनी आठवण म्हणून बाजूला ठेवली. याच सभागृहात निम्म्या लोकांच्या कपाटात असतील. हसू नका, माझ्याही आहेत.

तिसरं, हिशेब. जुनी नाणी मरत नाहीत. नोट फाटते, मळते, परत जाते आणि तिच्या जागी कोरी येते. पोलादाचा रुपया वीस वर्षांनीही धडधाकट असतो. त्या ढिगात यंदाची मूठभर मिसळली, तर तुमच्या हाती लागायची कशी?

आता माझी मागणी, जिच्यासाठी हे सगळं. दोन मिनिटं हो, अध्यक्ष! संग्राहकांसाठी टांकसाळ नाण्यांचे खास संच विकते. डबीत घालून, दर्शनी किमतीच्या कितीतरी पट दराने. ते खुशाल विकावेत. पण दर पाडव्याला मुंबईतल्या काही बँक शाखांच्या एका खिडकीवर त्या वर्षाची नाणी दर्शनी किमतीला मिळावीत. माणशी दहा नाणी, जास्त नकोत, नाहीतर पाकीटवाले रांगेत पहिले उभे राहतील. खर्च फार नाही. त्यासाठी वेगळी योजना नको, वेगळं नाणं नको, फक्त एक ताजी थैली वेळेवर फोडायची. लहान मुलांना आपल्या जन्मसालाचं नाणं मिळेल. १९५७ साली दशमान पद्धत आली, तेव्हा सरकारने नाण्यावरच ‘नया पैसा’ लिहून टाकलं होतं आणि १९६४ पर्यंत तसं लिहीत राहिलं. नवेपणाची हौस सरकारलाही होती, हे त्यावरून मान्य व्हायला हरकत नाही. अर्जाचा मसुदा दाराशी टेबलावर ठेवलाय, जाताना सही करा. पेन स्वतःचं आणा, मागच्या वेळी माझी दोन गेली.

प्रश्नांना वेळ आहे म्हणता? विचारा. फक्त दहाचं खरं नाणं पंधरा रेघांचं की दहा रेघांचं, हे विचारू नका. दोन्ही खरी. जानेवारी २०१८ मध्येच रिझर्व्ह बँकेने सांगितलंय, दहाच्या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि सगळे चालतात. शंका असेल तर १४४४० वर फोन लावा, ते ऐकवतील. हं, आजोबा, तुमचा हात वर आहे. काय? दहाच्याच नाण्याचं?