मोनेचा सूर्य ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कुठे जातो?

नमस्कार मंडळी! हे चित्र नीट बघा. निळसर करडं धुकं, खाली पाणी, दोन-तीन होड्या आणि मधोमध तो केशरी गोळा. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’, १८७२ सालचं. आता मी फक्त रंग काढून टाकते हं, बाकी काहीही बदललेलं नाही... गेला ना सूर्य? जवळजवळ गायबच झाला!

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अक्षरशः फोन घेऊन चारदा चेक केलं. म्हणजे बघा, आपण सूर्य काढतो तेव्हा काय करतो, आकाशापेक्षा उजळ काढतो, पिवळा, पांढरा, किरणंबिरणं. मोनेनं तो आजूबाजूच्या आकाशाइतकाच उजळ ठेवला, फरक फक्त रंगाचा, निळ्या-करड्यात केशरी. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टोन मेंदूवर संशोधन करतात, त्यांनी हे मस्त समजावलंय. आपल्या मेंदूचा एक भाग रंग ओळखतो आणि दुसरा, जो वस्तू कुठे आहे, हलतेय का ते बघतो, त्याला रंग जवळपास कळतच नाही, फक्त उजेड-अंधार कळतो. त्या दुसऱ्या भागाला हा सूर्य दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून तो एका जागी ठरत नाही, हलका थरथरल्यासारखा वाटतो. आणि डोळे दिपत नाहीत, आपण त्याच्याकडे कितीही वेळ बघत बसू शकतो. मला या चित्रात जी शांतता जाणवते ना, ती इथून येते.

आणि जागा कुठली, तर फ्रान्सचं ल हाव्र बंदर! मोने याच गावात वाढला. एकदम गजबजलेलं बंदर, मागे बघा, डोलकाठ्या आहेत, क्रेन आहेत, धूर सोडणारी धुराडी आहेत, म्हणजे तिथे आवाज असणारच. पण धुक्यानं सगळं पुसून टाकलंय आणि मोनेनंही रंग इतका पातळ लावलाय की जहाजं विरघळल्यासारखी दिसतात. होड्या बघा, जवळची गडद, मागची फिकी, तिच्यामागची तर जेमतेम. बस, एवढ्यावर खोली तयार! जाड रंग कुठे आहे तर पाण्यातल्या त्या केशरी फटकाऱ्यांमध्ये.

हे त्यानं हॉटेलच्या खिडकीतून काढलं. डोनाल्ड ओल्सन नावाच्या खगोलशास्त्रज्ञांनी सूर्याची उंची, भरतीची वेळ, तेव्हाच्या हवेच्या नोंदी असं सगळं जुळवून तारीखसुद्धा काढलीये, बहुधा १३ नोव्हेंबर १८७२, सकाळी साधारण ७:३५. सूर्य उगवून जेमतेम अर्धा तास झालेला.

१८७४ ला पॅरिसमध्ये प्रदर्शनात हे लागलं तेव्हा लुई लरुआ या समीक्षकानं लिहिलं की भिंतीला चिकटवायचा कच्चा वॉलपेपरसुद्धा याहून पूर्ण असतो, आणि चित्राच्या नावातल्या ‘इम्प्रेशन’वरून प्रदर्शनातल्या या चित्रकारांच्या सगळ्या ग्रुपलाच ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हटलं. मला मात्र वाटतं की हे अपुरं नाहीच आहे, धुक्यातून जेवढं दिसतं तेवढंच त्यानं काढलंय, आणखी एक रेघ जरी मारली असती तरी धुकं फाटलं असतं.

मूळ चित्र पॅरिसच्या मार्मोतां मोने म्युझियमचं आहे, फक्त ४८ बाय ६३ सेंटीमीटर, उघडलेल्या पेपरापेक्षा थोडं लहानच. १९८५ ला चोरीला गेलं होतं, १९९० मध्ये कॉर्सिका बेटावर सापडलं. कधी तिथे गेलात तर आधी लांबून बघा, मग हळूहळू जवळ जा, एका टप्प्यावर होडीची होडी राहत नाही, नुसते चार-पाच फटकारे उरतात. तो टप्पा कुठे येतो ते शोधा आणि मला कमेंटमध्ये नक्की सांगा.